नऊवारीखालच्या ट्रान्समीटरचा गेन विंगेतून कसा बदलतात

संगीत नाटकाच्या प्रयोगात ध्वनी सांभाळणाऱ्या माणसाची परीक्षा पहिल्या पदाला होते. संवाद चालू असतात तोवर सारे सुरळीत असते. मग ऑर्गनवर सूर धरला जातो, नटी पद उचलते, तार षड्जावर ठेहराव घेऊन तान फेकते आणि स्पीकरमधून कागद फाटल्यासारखा आवाज येतो. दादर-माटुंगा पट्ट्यातल्या एका नाट्यगृहात काही वर्षांपूर्वी माझ्यावर ही वेळ आली. रंगीत तालमीत बाईंनी गळा राखून पद नुसते गुणगुणले होते आणि मी त्या पातळीला साजेसा गेन लावून मोकळा झालो होतो. प्रयोगाच्या वेळी बाईंच्या माइकचा बॉडीपॅक, म्हणजे कमरेला बांधायचा लहान ट्रान्समीटर, नऊवारीच्या काष्ट्याखाली, कमरेच्या पट्ट्यातल्या कापडी पाकिटात, वर चार टाचण्या मारून बसवलेला होता. पहिल्या प्रवेशानंतर मी विंगेत धावलो, तेव्हा वेशभूषेच्या ताईंनी मला हातानेच थांबवले. "दादा, आता हात लावायचा नाही, सगळं नेसणं सुटेल." मध्यंतर होईपर्यंत बाई गात राहिल्या आणि मी ऐकत राहिलो.

त्या वेळी मी मिक्सरवरचा फेडर, म्हणजे पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी, खाली ओढला होता, पण त्याने फाटलेला आवाज फक्त हळू झाला. असे का झाले, हे कळले की दूरनियंत्रणाची गरज आपोआप कळते. कॉलर माइकमधून किंवा अंबाड्याच्या कडेला लपवलेल्या बारीक माइकमधून निघालेला आवाज आधी कमरेच्या ट्रान्समीटरमध्ये येतो, तिथे त्याची पातळी वाढवली जाते आणि मगच तो रेडिओ लहरींवर बसून रिसीव्हरकडे व तिथून मिक्सरकडे जातो. ही पातळी किती वाढवायची, ते ठरवणाऱ्या मांडणीला गेन म्हणतात. गेन जास्त असेल तर मोठा स्वर ट्रान्समीटरच्या मर्यादेला धडकतो आणि लहरीचा माथा छाटला जातो. छाटलेला माथा पुढचे कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही, कारण तो त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. गेन फार कमी ठेवावा, तर हळू बोललेल्या संवादाबरोबर खरखर वर येते. नव्या डिजिटल प्रणालींत लहान आणि मोठ्या आवाजांमधले अंतर बरेच पेलले जाते, काहींत ट्रान्समीटरवर गेन लावायची गरजच उरत नाही. पण मुंबईत भाड्याने फिरणाऱ्या संचांपैकी सगळे काही तसे नाहीत. त्यामुळे दोष कमरेपाशी असेल तर दुरुस्तीही कमरेपाशीच करावी लागते.

मग ती दुरून का करता येत नाही? कारण नेहमीचा बॉडीपॅक हा फक्त बोलतो, ऐकत नाही. तो यूएचएफ नावाच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यातल्या एका फ्रिक्वेन्सीवर आवाज पाठवत राहतो आणि रिसीव्हर तो झेलत राहतो. उलट दिशेने काही सांगण्याची वाटच त्यात नसते. तुम्ही रिसीव्हरवर फ्रिक्वेन्सी बदललीत तर ट्रान्समीटरला त्याचा पत्ताही लागत नाही, तो जुन्याच जागी बोलत राहतो आणि सभागृहात शांतता पसरते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बहुतेक संचांत रिसीव्हरच्या तोंडावर एक लहानशी काळपट काच असते. ट्रान्समीटरची तशीच काच तिच्यासमोर वीतभर अंतरावर धरून बटण दाबले की फ्रिक्वेन्सी आणि इतर मांडणी अवरक्त किरणांनी ट्रान्समीटरमध्ये उतरते. याला आपण सगळे "सिंक करणे" म्हणतो. घरच्या टीव्हीच्या रिमोटसारखेच हे तंत्र असल्यामुळे पुष्कळांना वाटते की आपल्याकडे रिमोट आहे. पण अवरक्त किरण कापडातून जात नाहीत आणि दोन्ही काचा समोरासमोर असाव्या लागतात. सिंक म्हणजे प्रयोगाआधी कानात सांगितलेला एकदाचा निरोप; चालू प्रयोगात, साडीच्या घड्यांतून, वीस-पंचवीस मीटरवरून आज्ञा द्यायची तर ट्रान्समीटरला कायम उघडा असणारा कान लागतो.

हा कान कंपन्यांनी वेगवेगळ्या तऱ्हांनी बसवला आहे. शुअरच्या अ‍ॅक्सिएंट डिजिटल मालिकेतल्या एडीएक्स ट्रान्समीटरमध्ये आवाज पाठवणाऱ्या यूएचएफ रेडिओखेरीज 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा दुसरा लहान रेडिओ असतो आणि एडी 610 नावाचे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे बिनतारी जोडणीची लहान पेटी, त्याच्याशी बोलते. या जोडणीला शोलिंक म्हणतात आणि एक अ‍ॅक्सेस पॉइंट अनेक ट्रान्समीटर सांभाळतो. त्याच मालिकेतल्या नुसत्या एडी ट्रान्समीटरमध्ये हा दुसरा रेडिओ नसतो, तेव्हा भाड्याने घेताना त्या एका "एक्स"कडे नीट पाहावे. सोनीच्या डीडब्ल्यूएक्स मालिकेत आणि झॅक्सकॉमच्या झॅक्सनेटमध्येही 2.4 गिगाहर्ट्झचाच आधार आहे. लेक्ट्रोसॉनिक्सने मात्र वेगळीच शक्कल लढवली. त्यांच्या काही ट्रान्समीटरना मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून किडा किरकिरल्यासारखे सूर ऐकवायचे. मोबाइल माइकजवळ धरला की ट्रान्समीटर स्वतःच्याच माइकमधून ती आज्ञा ऐकतो आणि गेन किंवा फ्रिक्वेन्सी बदलतो. नट विंगेत आल्यावर त्याच्या छातीशी मोबाइल धरायला काहीच हरकत नाही, टाचण्याही निघत नाहीत, पण रंगमंचावर उभ्या माणसासाठी ही युक्ती निरुपयोगी आहे. सेनहायझरने 2024 मध्ये पुढे आणलेल्या स्पेक्टेरा प्रणालीत आवाज आणि नियंत्रण दोन्ही एकाच रुंद पट्ट्यातून दोन्ही दिशांना वाहतात, त्यामुळे तिथे वेगळ्या कानाचा प्रश्नच येत नाही. पुढचे विवेचन मुख्यतः 2.4 गिगाहर्ट्झवरच्या जोडणीला धरून आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: नियंत्रणाचा रेडिओ आणि आवाजाचा रेडिओ हे दोन वेगळे रस्ते आहेत. आवाज उत्तम येतो म्हणून नियंत्रण चालेल असे नाही. आणि उलट, नियंत्रणाची जोडणी तुटली तरी आवाज अखंड चालू राहतो, शेवटची मांडणी ट्रान्समीटर धरून ठेवतो. त्यामुळे दूरनियंत्रण जोडायला घाबरण्याचे कारण नाही, पण त्याची पाहणी मात्र आवाजाच्या पाहणीइतकीच स्वतंत्रपणे करावी लागते. याबाबतीत होणारी बहुतेक फजिती ही दोन्ही रस्ते एकच समजल्यामुळे होते.

आता हा 2.4 गिगाहर्ट्झचा रस्ता मुंबईत कसा आहे ते पाहू. हा पट्टा भारतात 2005 पासून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे आणि म्हणूनच तो फुकट्यांच्या बाजारासारखा गजबजलेला आहे. वाय-फाय त्यात आहे, ब्लूटूथ त्यात आहे, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही साधारण 2.45 गिगाहर्ट्झलाच असते. (नाट्यगृहाच्या उपाहारगृहातला बटाटेवडा कढईतून येतो तोवर ठीक, तो गरम करून मिळू लागला की चौकशी करावी.) शिवाय आपल्याकडे 4जी सेवेसाठी वापरला जाणारा 2300 मेगाहर्ट्झचा पट्टा जिथे संपतो, त्या 2400 च्या कुंपणाला लागूनच आपला पट्टा सुरू होतो. प्रेक्षागृहातले शेकडो मोबाइल अगदी शेजारच्या आवारात बोलत असतात.

या गर्दीत जागा शोधण्याचा मार्ग आहे. शोलिंकसारख्या जोडण्या 802.15.4 नावाच्या प्रमाणकावर चालतात. त्यात 11 ते 26 अशा क्रमांकांचे 16 चॅनेल असतात, प्रत्येक चॅनेल जेमतेम 2 मेगाहर्ट्झ रुंद आणि एकमेकांपासून 5 मेगाहर्ट्झ दूर. वाय-फायचा एक चॅनेल याच्या दहापट रुंद असतो, आणि शहाणा माणूस वाय-फाय 1, 6 किंवा 11 या क्रमांकांवरच ठेवतो, कारण ते तीन एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. त्या तिघांच्या मधल्या फटीत आपले 15 आणि 20 क्रमांकांचे चॅनेल बसतात. 25 आणि 26 तर 11 च्याही पलीकडे, पट्ट्याच्या वरच्या टोकाला मोकळे राहतात. 4जीच्या कुंपणापासूनही हेच दोन सर्वांत दूर. त्यामुळे यंत्राने स्वतः निवडलेला चॅनेल तसाच स्वीकारण्याऐवजी मी आधी 25 किंवा 26 करून पाहतो आणि ते अडले तरच फटींकडे वळतो. नाट्यगृहाच्या कचेरीतले वाय-फाय कोणत्या क्रमांकावर आहे, हे मोबाइलमधल्या साध्या अ‍ॅपवर दिसते. तिथे 13 दिसले तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, कारण 13 वरचे वाय-फाय थेट आपल्या वरच्या टोकावर येऊन बसते.

पट्ट्याचा दुसरा स्वभाव शरीराशी निगडित आहे. 500 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण 60 सेंटीमीटर असते, 2.4 गिगाहर्ट्झची साडेबारा. आखूड लहर पाण्यात लवकर जिरते, आणि माणसाचे शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच. बॉडीपॅक कमरेच्या मागे असेल आणि नटी प्रेक्षकांकडे तोंड करून उभी असेल, तर समोरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या आणि पॅकच्या मध्ये आख्खे शरीर येते. आवाजाचा रेडिओ हा अडथळा पुष्कळदा निभावून नेतो, नियंत्रणाचा नेत नाही. म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला मिक्सरपाशी ठेवण्याचा मोह टाळावा. तो रंगमंचाच्या एका बाजूला, विंगेच्या वर, दोन-अडीच मीटर उंचीवर, प्रकाशयोजनेच्या लोखंडी नळ्यांपासून हातभर बाजूला टांगावा. रिसीव्हरच्या लोखंडी पेटीच्या आत तर कधीच ठेवू नये. रंगपट रंगमंचाच्या मागे दोन भिंती ओलांडून असेल तर तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो, अन्यथा नट तयार होत असताना पाहणी करता येत नाही आणि दूरनियंत्रणाचा अर्धा उपयोग तिथेच संपतो.

अ‍ॅक्सेस पॉइंट, रिसीव्हर आणि लॅपटॉप हे तिन्ही एका नेटवर्क स्विचला तारेने जोडावे लागतात. अ‍ॅक्सेस पॉइंटला तारेतूनच वीज देणारा स्विच, म्हणजे ज्याला पीओई म्हणतात तो, घेतला तर विंगेत वेगळा अ‍ॅडॉप्टर लोंबकळत नाही. इथपर्यंत सोपे आहे. नवखा माणूस अडतो तो पत्त्यांपाशी. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला 192.168.1.20 सारखा पत्ता असतो. त्याला चाळीचे नाव आणि खोलीचा क्रमांक समजावे: 255.255.255.0 असा मास्क असेल तर पहिले तीन आकडे म्हणजे चाळ आणि शेवटचा आकडा म्हणजे खोली. एकाच चाळीतल्या खोल्यांना एकमेकींची हाक ऐकू जाते. रिसीव्हर 192.168.1 च्या चाळीत आणि लॅपटॉप 192.168.0 च्या चाळीत असेल, तर तार शाबूत, दिवे लुकलुकणारे आणि पडद्यावर मात्र एकही यंत्र नाही, असे दृश्य दिसते. दोन यंत्रांना एकच खोली दिली तर ती आळीपाळीने दिसतात आणि नाहीशी होतात, हा त्याहून वाईट प्रकार. पत्ते वाटणारा राउटर जोडणीत असेल तर सगळे स्वयंचलित ठेवावे. नसेल तर बहुतेक यंत्रे 169.254 ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात आणि लहान जोडणी तेवढ्यावरही चालते. मी तरीही हाताने पत्ते देतो आणि ते कागदी चिकटपट्टीवर लिहून यंत्रावर डकवतो, कारण पुढच्या प्रयोगाला संच दुसऱ्या गोदामातून येऊ शकतो.

लॅपटॉपच्या दोन खोडी सांगून पुढे जातो. लॅपटॉप एकाच वेळी तारेवर आणि वाय-फायवर असेल, तर नियंत्रणाचे सॉफ्टवेअर चुकीच्या दाराशी कान लावून बसू शकते. सॉफ्टवेअरच्या मांडणीत तारेची जोडणी निवडून द्यावी आणि वाय-फाय सरळ बंद करावे, म्हणजे 2.4 च्या गर्दीतला एक आवाजही कमी होतो. दुसरी खोडी फायरवॉलची: पहिल्यांदा सॉफ्टवेअर उघडताना परवानगी मागणारी चौकट येते आणि घाईत "नाही" दाबले जाते.

नेटवर्क उभे राहिले की रिसीव्हर अ‍ॅक्सेस पॉइंटला ओळखतो आणि त्यानंतर प्रत्येक ट्रान्समीटर नेहमीसारखा अवरक्त काचेसमोर धरून सिंक करायचा. शोलिंकमध्ये याच वेळी ट्रान्समीटर आणि रिसीव्हरचा चॅनेल (इथे चॅनेल म्हणजे त्या एका माइकचा मार्ग) यांची गाठ बांधली जाते. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी सिंक आणि नंतर अ‍ॅक्सेस पॉइंट, तर आवाज येतो पण नियंत्रणाचे चिन्ह काही उजळत नाही, आणि माणूस उगाच अँटेना हलवत बसतो. सिंक करतानाच चॅनेलला पात्राचे नाव द्यावे. "माइक 7" हे नाव धावपळीत काहीच सांगत नाही; "सुभद्रा" किंवा "सूत्रधार" हे सांगते. नटाचे नाव देऊ नये, बदली नट आला की घोळ होतो.

आता चालून पाहणी. ट्रान्समीटरच्या इवल्या पडद्यावर किंवा लॅपटॉपवर नियंत्रणाच्या जोडणीची ताकद पट्ट्यांनी दिसते. पॅक हातात धरून फिरू नये, कारण हातातला पॅक सगळ्यांनाच दिसतो. तो कमरेला, मागच्या बाजूला, कापडाखाली बांधून रंगमंचाचे चारही कोपरे, दोन्ही विंगा, मागचा पडदा आणि रंगपटापर्यंतची वाट चालावी, प्रत्येक ठिकाणी एकदा प्रेक्षकांकडे आणि एकदा मागच्या पडद्याकडे तोंड करून. जिथे पट्ट्या एक-दोनवर उतरतात ती जागा लिहून ठेवावी. ही पाहणी दुपारी रिकाम्या प्रेक्षागृहात उत्तम उतरते आणि संध्याकाळी बिघडते, कारण संध्याकाळी खुर्च्यांवर पाणी भरलेली शेकडो शरीरे आणि त्यांच्या खिशात तितकेच मोबाइल येऊन बसतात. म्हणून दुपारच्या ताकदीतून एक-दोन पट्ट्या मनातल्या मनात वजा कराव्यात आणि दुसऱ्या घंटेनंतर, प्रेक्षक स्थिरावले की लॅपटॉपवर पुन्हा एकदा नजर टाकावी.

चालू प्रयोगात या व्यवस्थेचा उपयोग प्रामुख्याने तीन कामांना होतो. पहिले गेनचे, ज्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला. गेन तीन डेसिबलच्या टप्प्यांनी, संवादाच्या मधल्या श्वासात उतरवावा आणि तेवढाच मिक्सरवर वाढवून घ्यावा, म्हणजे प्रेक्षकांना पातळी हलल्याचे जाणवत नाही. पद सुरू असताना एकदम मोठी उडी घेऊ नये. दुसरे काम सेलचे: उरलेला वेळ लॅपटॉपवर दिसतो, त्यामुळे मध्यंतरात कोणाचा पॅक उघडायचा आणि कोणाच्या टाचण्यांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरवता येते. तिसऱ्या अंकापर्यंत प्रवेश नसलेल्या पात्राचा पॅक दुरूनच झोपवून सेल वाचवता येतो आणि प्रवेशाआधी उठवता येतो. मात्र त्या नटाने सवयीने पॅकवरची कळच बंद केली असेल, तर झोपलेला कान आणि मेलेला कान यांतला फरक कळतो. मेलेल्याला दुरून उठवता येत नाही. नटांना हे एकदा समजावून सांगावे आणि कळ कुलूपबंद करण्याची सोय असेल तर ती वापरावी.

तिसरे काम फ्रिक्वेन्सी बदलण्याचे, आणि खरे तर या तंत्राची सर्वांत मोठी कमाई हीच आहे. वायरलेस माइक ज्या यूएचएफ पट्ट्यात राहतात, तिथली जागा आक्रसते आहे; 2022 च्या लिलावानंतर 700 मेगाहर्ट्झचा पट्टा 5जीसाठी गेला आणि जुने संच त्या भागात अडचणीत आले. उरलेल्या भागात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण आहे, शेजारच्या सभागृहातल्या लग्नाच्या वाद्यवृंदाचे माइक आहेत, रस्त्यावर बातमीदारांची गाडी येऊन थांबली तर त्यांचेही आहेत. प्रयोगाच्या मध्येच एखाद्या फ्रिक्वेन्सीवर आक्रमण झाले तर दूरनियंत्रण असलेला रिसीव्हर ट्रान्समीटरला नवी जागा कळवतो आणि दोघे जवळपास एकाच क्षणी तिथे जातात. काही प्रणाली हे आपणहून करतात, काही विचारून करतात. मी नेहमी विचारून करण्याचा पर्याय ठेवतो. यंत्राला एका क्षणाचा अडथळा आणि कायमचे आक्रमण यांतला फरक कळत असेलही, पण समोर शोकप्रसंग चालू आहे हे त्याला कळत नाही. मात्र ही सोय उपयोगी पडायची असेल तर राखीव फ्रिक्वेन्सी दुपारीच त्याच जागी तपासून यादीत घातलेल्या असाव्या लागतात. रिकाम्या यादीतून यंत्र काही आणू शकत नाही.

जितके सोपे नियंत्रण, तितकी सोपी चूक. एका प्रयोगात मी खलनायकाचा पॅक झोपवायला गेलो आणि बोट एक रकाना खाली पडल्याने सूत्रधार मुका झाला. तेव्हापासून लॅपटॉप एकाच माणसाच्या ताब्यात असतो, पहिल्या अंकानंतर जे बदलायचे नाही ते सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद असते आणि माउसऐवजी मी बाणाच्या कळा वापरतो.

दोन-तीन माइकच्या प्रयोगाला हा संच घ्यावा का, असे निर्माते विचारतात. माझे उत्तर बहुधा नाही असे असते. त्या पैशांत एक जादा तालीम नाट्यगृहात करावी आणि बाईंना तालमीत पूर्ण गळ्याने गायला सांगावे. आठ-दहा पात्रे, पदे आणि पटापट वेशबदल असतील तर मात्र हो. आणि तेव्हाही विंगेत एक तयार, सिंक केलेला, माइक जोडलेला जादा बॉडीपॅक टेबलावर ठेवावा, त्याच्याशेजारी टाचण्यांची डबी ठेवावी आणि तो कोणाच्या हाती द्यायचा ते वेशभूषेच्या ताईंना आधीच सांगून ठेवावे.